टेहळणी विमाने, लष्करी गोपनीयता आणि भारतीय मुत्सद्देगिरी (१९४८–१९९९) : काही घटनांचा चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

१ मे १९६० हा दिवस मराठी माणसाच्या स्मरणात संयुक्त महाराष्ट्राच्या स्थापनेचा दिवस म्हणून कोरला गेला आहे. यशवंतराव चव्हाण या दिवशी नव्या राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. याच दिवशी सकाळी सोव्हिएत संघातील स्वेर्दलोव्स्क शहराजवळ अमेरिकेचे यू-२ हे हेरविमान पाडण्यात आले. सुमारे ७० हजार फूट उंचीवरून छायाचित्रे घेणारे हे विमान पाकिस्तानातील पेशावर येथून उडाले होते व नॉर्वेतील बोडो येथे उतरणार होते. वैमानिक फ्रान्सिस गॅरी पॉवर्स हवाई छत्रीच्या साहाय्याने जिवंत खाली उतरला, परंतु अमेरिकन शासनास त्याची कल्पना नव्हती. हवामान संशोधनाचे विमान तुर्कस्तानच्या परिसरात भरकटले असावे, असे निवेदन नासा या संस्थेच्या नावाने प्रसृत करण्यात आले. ७ मे रोजी निकिता ख्रुश्चेव्ह यांनी वैमानिक आपल्या ताब्यात असल्याचे जाहीर केले आणि ११ मे रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना जाहीरपणे जबाबदारी स्वीकारावी लागली. पॅरिस येथील शिखर परिषद मोडली. पेशावरचा तळ वापरू दिल्याबद्दल पाकिस्तानलाही मॉस्कोच्या उघड धमक्या ऐकाव्या लागल्या.

ही घटना जगाच्या इतिहासाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आढळते. मात्र त्याच दिवशी मुख्यमंत्री झालेल्या व्यक्तीच्या खात्याशी अवघ्या काही वर्षांत यू-२ विमानाचा संबंध आला, हे आपल्याकडे फारसे लिहिले जात नाही. त्याचे कारण असे की, भारताशी संबंधित ते विमान कोठे पडले नाही. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन याच मुद्द्याभोवती आहे. विमान पडले की अवशेष सापडतात, वैमानिक पकडला जातो, निषेधखलिते लिहिले जातात, संसदेत प्रश्न विचारला जातो आणि इतिहासकारास साधने मिळतात. जे विमान सुखरूप परतते त्याचा इतिहास संबंधित शासनाच्या मर्जीवर अवलंबून राहतो. आणि भारताच्या बाबतीत ही मर्जी बहुतांशी परकीय शासनांची राहिली आहे.

मराठवाड्याचे आकाश, १९४८

चारठाणा हे जिंतूर तालुक्यातील गाव प्राचीन मंदिरांसाठी अभ्यासकांना परिचित आहे. १९४८ साली ते हैदराबाद संस्थानात होते. हेरविमानांसारखा विषय या परिसरापासून फार दूरचा आहे असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु वस्तुस्थिती थोडी निराळी आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर, १९३९ मध्ये, सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने लॉकहीड बनावटीच्या प्रवासी विमानात छुपे कॅमेरे बसवून जर्मनीतील लष्करी ठिकाणांची छायाचित्रे ब्रिटिश गुप्तचर खात्यासाठी घेतली. आधुनिक हवाई टेहळणीच्या प्रवर्तकांमध्ये त्याची गणना होते. हाच कॉटन १९४८ च्या उन्हाळ्यात निजामाच्या सेवेत अवतरला. भारत सरकारने हैदराबादची नाकेबंदी केलेली असताना त्याने लँकेस्ट्रियन जातीची विमाने कराचीहून बिदर व वरंगळ येथील धावपट्ट्यांवर शस्त्रास्त्रांसह उतरवली. त्या काळी उदगीर व अहमदपूर हे मराठी तालुके बिदर जिल्ह्यातच मोडत होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

ही उड्डाणे हेरगिरीची नव्हती, शस्त्रपुरवठ्याची होती. तथापि त्यांतील मुत्सद्देगिरीचे ताणतणाव पुढच्या हेरविमान-प्रकरणांची आठवण करून देणारे आहेत. विमाने ब्रिटनमध्ये खरेदी केलेली, तळ पाकिस्तानातील, हवाई हद्द भारताची आणि ग्राहक स्वतःस स्वतंत्र म्हणवणारे संस्थान. यांपैकी प्रत्येकास काही ना काही झाकावयाचे होते. भारताच्या निषेधामुळे ब्रिटनची अडचण झाली व पुढे कॉटनवर लंडन येथे खटला होऊन त्यास २०० पौंड दंड झाला. १३ सप्टेंबर रोजी पोलीस कारवाई सुरू झाली, १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली आणि हा अध्याय संपला. मुक्तिसंग्रामाच्या आपल्या लेखनात रझाकारांच्या शस्त्रांचा उल्लेख पदोपदी येतो. ती शस्त्रे कोणत्या आकाशमार्गाने आली याचा विचार मात्र क्वचितच होतो. या उड्डाणांची विस्तृत हकिकत आपणास मिळते ती बव्हंशी स्वतः कॉटनच्या १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींतून. आपल्या कर्तृत्वाविषयी बोलताना त्याने हात आखडता घेतलेला नाही, एवढी सावधगिरी वाचकाने बाळगणे इष्ट.

रावळपिंडीवरील कॅनबेरा, १९५९

स्वतंत्र भारताच्या हवाई टेहळणीस पहिला मोठा हादरा बसला तो १० एप्रिल १९५९ रोजी. भारतीय वायुदलाचे कॅनबेरा जातीचे छायाचित्रण-विमान पाकिस्तानी वायुदलाच्या सेबर विमानाने रावळपिंडीजवळ पाडले. ब्रिटनकडून घेतलेल्या कॅनबेरांपैकी छायाचित्रणासाठी बनवलेल्या या प्रकारावर शस्त्रे नसत. उंची हेच त्याचे संरक्षण होते. सेबरची पोहोच त्या उंचीपर्यंत नव्हती. परंतु वळण घेताना कॅनबेरा थोडे खाली आले आणि फ्लाइट लेफ्टनंट युनूस याने ती संधी साधली. स्क्वाड्रन लीडर सेनगुप्ता व फ्लाइट लेफ्टनंट रामपाल हे दोघे बाहेर झेपावले, पकडले गेले व पुढे भारताकडे सुपूर्द करण्यात आले. तो दिवस पाकिस्तानात ईदचा होता. त्या देशाच्या वायुदलाच्या इतिहासात ही पहिली हवाई सरशी म्हणून नोंदली गेली आहे.

भारताने विमान छायाचित्र-सर्वेक्षणाचे व निःशस्त्र असल्याचे सांगून गोळीबाराचा निषेध केला. पाकिस्तानच्या दृष्टीने लष्करी मुख्यालयाच्या शहरावर आलेले विमान हे सर्वेक्षण असूच शकत नव्हते. या वादात न शिरताही एक गोष्ट विशेष वाटते, ती म्हणजे प्रकरण ज्या वेगाने शांत झाले तो वेग. मार्च १९५९ च्या अखेरीस दलाई लामा भारतात आले होते आणि चीनशी संबंध बिघडत चालले होते. याच एप्रिलमध्ये फील्ड मार्शल अयूब खान यांनी संयुक्त संरक्षणाची कल्पना मांडली. नेहरूंनी ती मानली नाही, तरी १ सप्टेंबरला पालम विमानतळावर उभयतांची भेट झाली आणि पुढील वर्षी सिंधू जलकरार पार पडला. दोन्ही बाजूंना त्या घटकेला भांडण वाढवायचे नव्हते. वैमानिक जिवंत होते, हेही या शांततेचे एक कारण मानावे लागते. मृतदेह परत करावे लागले असते तर संसदेचा सूर निराळा लागला असता.

पॉवर्स प्रकरणाच्या एक वर्ष आधीची ही घटना आहे. वैमानिक हाती लागल्यावर शासनास किती खोटे बोलता येते, याचा धडा उपखंडात आधीच गिरवून झाला होता असे म्हणण्यास हरकत नाही.

चारबातिया

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनचे आक्रमण झाले. ७ नोव्हेंबरपर्यंत कृष्ण मेनन मंत्रिमंडळाबाहेर पडले होते आणि संरक्षण खाते काही दिवस पंतप्रधानांकडेच होते. याच दिवसांत, ११ नोव्हेंबर १९६२ रोजी, नेहरूंनी सीमाभागावरून अमेरिकन यू-२ विमानांच्या उड्डाणास परवानगी दिली. चव्हाणांनी संरक्षणमंत्रिपदाची सूत्रे घेतली ती २१ नोव्हेंबरला, म्हणजे चीनने एकतर्फी युद्धबंदी पुकारली त्याच दिवशी. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, हे वाक्य आपल्याकडे तेव्हापासून घरोघरी झाले. सह्याद्री पोहोचला तेव्हा हिमालयावरून उडावयाच्या विमानांचा निर्णय दहा दिवसांपूर्वीच झालेला होता, हे मात्र घरोघरी जाण्याचा प्रश्नच नव्हता.

पहिले उड्डाण ५ डिसेंबर १९६२ रोजी थायलंडमधील ताखली तळावरून झाले. थायलंडहून हिमालय गाठून परत जाणे म्हणजे यू-२ साठीही दमछाक होती. १० नोव्हेंबर १९६३ चे एक उड्डाण ११ तास ४५ मिनिटे चालले. दाबरोधक पोशाखात, अरुंद कक्षात एकट्याने इतका वेळ बसल्यावर वैमानिकाची अवस्था अशी झाली की, पुढील उड्डाणांवर दहा तासांची मर्यादा घालण्यात आली. म्हणून भारतातच तळ हवा होता. एप्रिल १९६३ मध्ये अमेरिकेने तशी विनंती केली, ३ जून १९६३ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन व राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या भेटीत होकार मिळाला आणि ओरिसात कटकजवळील चारबातिया येथील महायुद्धकालीन ओसाड धावपट्टी निवडली गेली. तिची डागडुजी रेंगाळली. आपल्या सरकारी बांधकामांची गती गुप्त प्रकल्पातही बदलत नाही, असा याचा अर्थ लावला तर तो फारसा चुकीचा ठरू नये.

अखेर २४ मे १९६४ रोजी चारबातियाहून यू-२ ने उड्डाण केले. तीन दिवसांनी, २७ मे रोजी, नेहरूंचे निधन झाले आणि ती तुकडी मागे घेण्यात आली. या आठवड्यात संरक्षणमंत्री चव्हाण लष्करी मदतीच्या वाटाघाटींसाठी अमेरिकेतच होते व निधनवार्ता ऐकून त्यांना दौरा अर्धवट सोडावा लागला. १९६४ च्या डिसेंबरमध्ये आणखी तीन उड्डाणे झाली. १६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने अणुस्फोट केला होता, ही पार्श्वभूमी त्यामागे आहे. जुलै १९६७ मध्ये हा यू-२ तळ म्हणून कायमचा बंद झाला.

एवढा तपशील आपणास कोठून मिळतो? अमेरिकेच्या मध्यवर्ती गुप्तचर संघटनेने आपल्याच दोन इतिहासकारांकडून, ग्रेगरी पेडलो व डोनाल्ड वेल्झेनबाख यांच्याकडून, १९९२ साली यू-२ कार्यक्रमाचा अंतर्गत इतिहास लिहवून घेतला होता. १९९८ मध्ये त्याचा काटछाट केलेला भाग खुला झाला आणि ऑगस्ट २०१३ मध्ये वॉशिंग्टनमधील एका अभिलेख-संस्थेच्या अर्जावरून अधिक पूर्ण आवृत्ती मिळाली, ज्यात भारताविषयीची पाने वाचता येतात. हे दस्तऐवज एकाच पक्षाचे आहेत. भारतीय बाजूने कोणी कोणता आक्षेप घेतला, कोणत्या अटी घातल्या, संरक्षणमंत्र्यांना नेमके काय सांगितले गेले, हे त्यांतून कळत नाही.

मराठी साधनेही येथे तोकडी पडतात. ‘कृष्णाकाठ’ हे चव्हाणांचे आत्मचरित्र १९४६ पर्यंत येऊन थांबते. पुढील खंड लिहून होण्यापूर्वीच १९८४ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे खाजगी सचिव राम प्रधान यांनी संरक्षणमंत्री चव्हाणांविषयी लिहिलेली इंग्रजी पुस्तके आणि २००७ साली प्रसिद्ध केलेली १९६५ च्या युद्धकाळातील दैनंदिनी मोलाची आहे, परंतु दैनंदिनी युद्धाची आहे.

या गोपनीयतेची कारणे समजण्याजोगी होती. पेशावरच्या तळावरून आपण पाकिस्तानकडे बोट दाखवत आलो होतो. अलिप्त राष्ट्राच्या भूमीवर अमेरिकन हेरविमान म्हणजे त्या भूमिकेची परवड झाली असती. दुसरे असे की, सोव्हिएत संघाशी १९६२ मध्येच मिग-२१ विमानांचा करार झाला होता आणि १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझर येथे मिग कारखान्याची उभारणी सुरू झाली. एकाच संरक्षण खात्याच्या एका दालनात मॉस्कोचे आराखडे व दुसऱ्या दालनात वॉशिंग्टनची छायाचित्रे, अशी ही स्थिती होती. चारबातियाच्या धावपट्टीवर एखादे विमान उलटले असते व वार्ता फुटली असती, तर ओझरच्या कारखान्याचे काय झाले असते, हा प्रश्न कल्पनेतला असला तरी त्या वेळच्या निर्णयकर्त्यांना तो निश्चितच सतावत असला पाहिजे. प्रस्तुत लेखकाच्या मते १९६४ मध्ये मौन बाळगणे योग्य होते. ते मौन अर्धशतक टिकावे आणि मग परदेशातून मोडावे, याचे समर्थन मात्र करता येत नाही.

याच मालिकेतील नंदादेवी प्रकरणाचा उल्लेख केवळ तुलनेसाठी करावयाचा. १९६५ साली चीनच्या चाचण्यांवर लक्ष ठेवण्यासाठी भारत व अमेरिका यांनी मिळून त्या शिखरावर नेलेले प्लुटोनियमयुक्त उपकरण हिमाच्छादित उतारावर हरवले. १९७८ मध्ये एका अमेरिकन नियतकालिकाने ते उघड केल्यानंतरच पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत निवेदन केले. वस्तू हरवली म्हणून निदान तेरा वर्षांनी सत्य बाहेर आले. चारबातियास त्याच्या जवळजवळ चौपट काळ लागला.

सुथरी, १९६५

हेरविमानांविषयीच्या भयाचे बळी हेरच असतात असे नाही. १९ सप्टेंबर १९६५ रोजी गुजरातचे मुख्यमंत्री बलवंतराय मेहता यांचे बीचक्राफ्ट जातीचे नागरी विमान कच्छमधील सुथरी गावाजवळ पाकिस्तानी सेबरने पाडले. मेहता, त्यांच्या पत्नी, वैमानिक जहांगीर इंजिनियर यांच्यासह आठही जण मृत्युमुखी पडले. पाच वर्षांपूर्वीपर्यंत हाच कच्छ मुंबई राज्याचा जिल्हा होता. पंचायत राज व्यवस्थेच्या अभ्यासात मेहता समितीचे नाव घेणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांना त्यांचा अंत कसा झाला हे ठाऊक असते.

विमान पाडणारे वैमानिक कैस हुसेन यांनी २०११ मध्ये मृत भारतीय वैमानिकाच्या कन्येस पत्र पाठवले. सीमेवर नवी आघाडी उघडण्यासाठी टेहळणी चालली असावी अशा संशयावरून जमिनीवरील नियंत्रकांनी आपणास आज्ञा दिली व ती आपण पाळली, अशी हकिकत कळवून त्यांनी खेद व्यक्त केला. ४६ वर्षे उलटली होती. दोन शासनांना जे जमले नाही ते एका निवृत्त वैमानिकाच्या पत्राने केले. कन्येने ते क्षमाशीलतेने स्वीकारले. पुराव्याच्या दृष्टीने पाहता हे पत्र आज्ञेच्या साखळीतील एका कडीची साक्ष आहे. वरच्या कड्या अद्याप बोललेल्या नाहीत.

कोरी खाडी, १९९९

१० ऑगस्ट १९९९ रोजी, कारगिल संघर्ष थांबून महिनाही झाला नव्हता तोच, कच्छच्या कोरी खाडीच्या परिसरात पाकिस्तानी नौदलाचे अटलांटिक हे फ्रेंच बनावटीचे सागरी टेहळणी विमान भारतीय वायुदलाच्या मिग-२१ विमानाने नलिया तळावरून जाऊन पाडले. विमानातील सोळाही जण ठार झाले. वायुदलप्रमुख या वेळी एअर चीफ मार्शल अनिल यशवंत टिपणीस हे मराठी अधिकारी होते. कारगिलमध्ये नियंत्रण रेषा न ओलांडण्याचे राजकीय बंधन त्यांच्या दलाने नुकतेच पाळले होते. त्याच उन्हाळ्यात शत्रूच्या प्रदेशाची छायाचित्रे घेताना भारताच्या कॅनबेरा विमानास क्षेपणास्त्र लागले होते व ते कसेबसे तळावर परतले होते.

विमान कोठे होते, या एका प्रश्नावर दोन्ही देशांचे सारे प्रतिपादन उभे होते. भारताच्या म्हणण्यानुसार ते सुमारे दहा किलोमीटर आत आले होते, इशाऱ्यास त्याने दाद दिली नाही व क्षेपणास्त्र लागल्यावर परतीच्या दिशेने जाऊन पडले. पाकिस्तानच्या म्हणण्यानुसार ते निःशस्त्र होते, प्रशिक्षणाच्या उड्डाणावर होते आणि स्वतःच्या हद्दीत होते. अवशेष हाच पुरावा असल्यामुळे दोन्ही बाजूंची घाई अवशेषांसाठी होती. भारताने काही तुकडे हेलिकॉप्टरने उचलून दिल्लीस नेले व दाखवले. दुसऱ्या दिवशी पत्रकारांना घेऊन जाणाऱ्या भारतीय हेलिकॉप्टरांच्या दिशेने पाकिस्तानने क्षेपणास्त्र सोडले. ते लागले नाही. दलदलीच्या त्या ओसाड भागात धातूच्या तुकड्यांना प्राप्त झालेले हे महत्त्व टेहळणी-इतिहासाचे वैशिष्ट्यच म्हणावे लागेल.

दोन्ही देशांत ६ एप्रिल १९९१ रोजी हवाई हद्दीच्या उल्लंघनाविषयी करार झाला होता. लढाऊ विमानांनी परस्परांच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत उडू नये असे त्यात म्हटले आहे आणि ‘लढाऊ’ या संज्ञेत टेहळणी विमानांचा स्पष्ट समावेश आहे. त्यामुळे अटलांटिक निःशस्त्र होते हा युक्तिवाद कराराच्या शब्दांपुढे दुबळा ठरतो. परंतु त्याच कराराच्या अर्थाने विमान दहा किलोमीटरच्या पट्ट्यात आले म्हणून ते पाडावे, अशी मुभा मिळते असेही नाही. दोन्ही देशांतील बहुतेक लेखन यांपैकी सोयीचे अर्धेच सांगते.

पाकिस्तानने २१ सप्टेंबर १९९९ रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा दाखल केला व सुमारे सहा कोटी डॉलरच्या भरपाईची मागणी केली. भारताची बाजू महान्यायवादी सोली सोराबजी यांच्या नेतृत्वाखाली मांडली गेली. त्यांची वकिलीची कारकीर्द मुंबईत घडलेली होती. भारताचा मुख्य आधार असा होता की, न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य करताना १९७४ मध्येच भारताने राष्ट्रकुलातील देशांशी असलेले वाद वगळले होते. २१ जून २००० रोजी न्यायालयाने १४ विरुद्ध २ मतांनी आपणास अधिकारक्षेत्र नसल्याचा निर्णय दिला. वाद शांततेच्या मार्गाने मिटवण्याचे उभय पक्षांचे दायित्व कायम असल्याचीही आठवण दिली. कायद्याच्या दृष्टीने हा भारताचा निर्विवाद विजय होता. इतिहासाच्या दृष्टीने त्याचा परिणाम असा झाला की, विमान कोठे होते हा प्रश्न कोणत्याही तटस्थ व्यासपीठावर तपासला गेला नाही. रडारच्या नोंदी, संभाषणे, उड्डाणमार्ग यांची उलटतपासणी झालीच नाही. भारताचे म्हणणे खरे असेल, आणि प्रस्तुत लेखकास ते अधिक पटण्याजोगे वाटते, तर ही गोष्ट भारताच्याच तोट्याची आहे.

कागदपत्रांचा प्रश्न

१९२३ चा शासकीय गुपिते कायदा ब्रिटिशांनी केला व तो अद्याप लागू आहे. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने व त्याखालील १९९७ च्या नियमांनी २५ वर्षांहून जुने स्थायी स्वरूपाचे दस्तऐवज राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवणे अपेक्षित आहे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराने वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती खुली केली, परंतु देशाची सुरक्षा व परकीय राष्ट्रांशी संबंध ही कारणे त्यातूनही वगळली. शिवाय चारबातियाशी ज्याचे नाव जोडले गेले ते हवाई संशोधन केंद्र त्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत सूट मिळालेल्या संघटनांत घातले गेले. कारगिल पुनर्विलोकन समितीचा अहवाल २००० साली प्रसिद्ध झाला तेव्हा त्यातील कित्येक भाग गाळलेले होते. तरीही तो प्रसिद्ध झाला, ही त्या काळाच्या मानाने लहान गोष्ट नव्हती.

जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धे व मोहिमा यांच्या अभिलेखांविषयी नवे धोरण जाहीर केले. मोहीम संपल्यापासून दोन वर्षांत समिती, पुढील तीन वर्षांत इतिहासाचे संकलन आणि सामान्यतः २५ वर्षांनी कागदपत्रे खुली, असा त्याचा आराखडा आहे. या हिशेबाने अटलांटिक प्रकरणास २०२४ च्या ऑगस्टमध्ये २५ वर्षे पूर्ण झाली. कॅनबेरा प्रकरणास ती १९८४ मध्येच झाली होती. येथे एक शंका उपस्थित होते. युद्ध व मोहीम यांच्या व्याख्येत ऑगस्ट १९९९ ची एका सकाळची घटना बसते काय? ती कारगिलच्या मोहिमेनंतरची आहे, म्हणून त्या संकलनात तिला जागा मिळेलच असे नाही. आणि स्वतंत्र मोहीम म्हणण्याइतकी ती मोठीही नाही. शांततेच्या काळातील टेहळणी, हद्दीचे उल्लंघन आणि चुकून पाडलेली विमाने ही सारी या व्याख्येच्या फटीतून निसटण्याचा संभव आहे. धोरणात ‘मोहीम’ या शब्दाच्या जोडीने ‘हवाई हद्दीतील घटना’ असा वेगळा प्रकार नोंदवणे त्यासाठी आवश्यक आहे.

चारठाण्यासारख्या गावातील पदव्युत्तर विद्यार्थ्याने आज या विषयावर लघुप्रबंध लिहावयाचे ठरवले, तर चारबातियाची पाने त्याला अमेरिकन संकेतस्थळावर वाचता येतील. अटलांटिकच्या बाबतीत हेगच्या न्यायालयाच्या संकेतस्थळावर दोन्ही देशांची लेखी निवेदने उपलब्ध आहेत, त्यांत भारताचे निवेदनही आहे. ते केवळ अधिकारक्षेत्रापुरते आहे. विमानाच्या मार्गाविषयीची भारतीय कागदपत्रे दिल्लीत आहेत.